समेट कोणी केला? माकडं, माणूस आणि प्रतिकारशक्ती पोखरणारे विषाणू

नमस्कार. प्रास्ताविक लांबवत नाही, थेट एका माकडाकडे जाऊ.

पश्चिम आफ्रिकेच्या जंगलांत सूटी मँगाबे नावाचं माकड राहतं. अंगावर काजळी फासल्यासारखा करडा रंग, लांब शेपूट, दिवसाचा बराच वेळ जमिनीवर. या माकडाच्या रक्तात एसआयव्ही नावाचा विषाणू असतो. एचआयव्हीचा हा माकडांमधला भाऊबंद. आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलातल्या कळपांत जवळपास निम्म्या माकडांना त्याची लागण झालेली असते. रक्त तपासलं तर दर मिलिलिटरमागे विषाणूच्या प्रती लाखांच्या घरात. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधित माणसाच्या रक्तात सापडतात तितक्या, कधी त्याहून जास्त. आणि माकड मात्र ठणठणीत! ते खातं, भांडतं, पिल्लं वाढवतं आणि म्हातारं होऊन दुसऱ्याच कशाने तरी मरतं.

हाच विषाणू आशियातल्या ऱ्हीसस माकडाच्या अंगात गेला तर? हा प्रयोग आधी कोणी ठरवून केला नाही, तो आपोआप घडला. अमेरिकेतल्या काही संशोधन केंद्रांत आफ्रिकी मँगाबे आणि आशियाई माकडं एकाच संस्थेच्या आवारात असत. तिथल्या आशियाई माकडांत लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाच्या, आणि चमत्कारिक जंतुसंसर्गाच्या साथी येऊ लागल्या, आणि कारण काही कळेना. १९८५ मध्ये अशा आजारी ऱ्हीसस माकडांतून एक विषाणू वेगळा काढता आला. तो एचआयव्हीच्या कुळातला निघाला. पुढे जनुकांची तुलना झाली तेव्हा त्याचा माग थेट मँगाबेपर्यंत पोचला. ऱ्हीसस माकडं या विषाणूने एड्ससारख्याच आजाराने मरतात, आणि माणसापेक्षा पुष्कळ लवकर मरतात. आशियातल्या माकडांत हा विषाणू निसर्गतः सापडतच नाही. चाळीसहून अधिक आफ्रिकी जातींत तो आहे, आशियात एकीतही नाही. म्हणजे ऱ्हीससची आणि त्याची आधीची काही ओळखच नव्हती.

विषाणू तोच. एक माकड जगतं, दुसरं मरतं. आजचं सगळं व्याख्यान या फरकाभोवती आहे.

याचं एक तयार उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. विषाणू जुना झाला की तो निवळतो, सौम्य होतो, कारण यजमान मेला तर त्याचंही मरण ओढवतं. हे ऐकायला छान वाटतं, पण मला ते पटत नाही. मँगाबेतला विषाणू निवळलेला असता तर तो ऱ्हीससलाही सोसला असता. त्याची मारण्याची ताकद शाबूत आहे. मग बदललं कोण? बहुतांशी माकड बदललं. आणि माकडांची एखादी जात ‘बदलते’ म्हणजे काय होतं? ज्यांच्या अंगी तो बदल नव्हता ती पिढ्यान्‌पिढ्या मरत गेली, किंवा त्यांना पिल्लं कमी झाली. आज आपल्याला दिसतो तो समेट. त्याच्यामागचे मृत्यू दिसत नाहीत, पण त्यांच्या खुणा जनुकांत राहिल्या आहेत, आणि त्या वाचता येतात.

आधी विषाणूची ओळख दोन मिनिटांत आटपतो. एचआयव्ही आणि एसआयव्ही हे लेंटिव्हायरस गटातले विषाणू. त्यांचा जनुकसंच आरएनएचा आणि अगदी तुटपुंजा, साधारण ९,७०० अक्षरांचा. आपला तीनशे कोटींहून अधिक अक्षरांचा आहे, यावरून कल्पना करा. रोगप्रतिकार यंत्रणेच्या काही पेशींवर सीडी-४ नावाचं प्रथिन असतं. विषाणू त्याला चिकटतो, मग सीसीआर-५ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या मदतीने आत शिरतो. आत गेल्यावर आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएत घुसवतो. नक्कल करताना तो सतत चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. शिवाय एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर त्यांच्या जनुकांची सरमिसळ होते. ही सरमिसळ लक्षात ठेवा, चिंपांझीपाशी आलो की ती लागेल.

हे सगळं किती जुनं आहे? इथे एक मजेशीर गोष्ट घडली. आफ्रिकन ग्रीन मंकी या माकडाच्या चार जाती आहेत आणि प्रत्येक जातीचा एसआयव्ही वेगळा आहे. सुरुवातीला संशोधकांना वाटलं की माकडांचे पूर्वज वेगळे झाले तसतसे त्यांचे विषाणूही वेगळे होत गेले. तसं असेल तर विषाणू लाखो वर्षं जुना ठरतो. कल्पना इतकी देखणी होती की ती बराच काळ टिकली. मग २००७ मध्ये दोन्हींच्या वंशवृक्षांची काटेकोर तुलना झाली, आणि ते जुळेनात. विषाणूंचं नातं माकडांच्या वंशाशी जुळण्यापेक्षा भूगोलाशी जास्त जुळत होतं. शेजारच्या जातीकडून शेजारच्या जातीकडे विषाणू उडी मारत गेला होता. आणि उडी जवळच्या नात्यात सोपी पडते, त्यामुळे वरवर पाहता दोघे एकत्र वाढल्याचा भास होतो. सहउत्क्रांती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हातात हात घालून चालणारे दोघे येतात. प्रत्यक्षात घरं बदलत जाणारा एक पाहुणा आहे आणि प्रत्येक घराने त्याच्याशी स्वतंत्रपणे जमवून घेतलं आहे.

तरी किमान वय ठरवायचं कसं? नुसत्या आजच्या नमुन्यांवरून मागे हिशेब केला तर वय फार कमी येतं, काही शतकांचं किंवा थोड्या हजार वर्षांचं. यावर विषाणूंच्या उत्क्रांतीचे अभ्यासक मायकेल वोरोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर युक्ती केली. गिनीच्या आखातात बियोको नावाचं बेट आहे. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी चढली आणि सुमारे १०,००० वर्षांपूर्वी हे बेट मुख्य भूमीपासून तुटलं. तिथली माकडं तेव्हापासून अडकलेली. २०१० मध्ये त्यांच्यातले एसआयव्ही तपासले गेले, तर बेटावरच्या ड्रिल माकडाच्या विषाणूचा सर्वांत जवळचा नातेवाईक मुख्य भूमीवरच्या ड्रिलमध्येच निघाला. म्हणजे बेट तुटलं तेव्हा विषाणू आधीपासून तिथे होता. हा धागा धरून घड्याळ नव्याने लावलं, तर एसआयव्ही किमान ३२,००० वर्षांचा ठरला. हे ‘किमान’ आहे, हे मुद्दाम सांगतो. कारण दुसरीकडे मादागास्करच्या लेमूरच्या जनुकसंचात एका प्राचीन लेंटिव्हायरसचे अवशेष सापडले आहेत. कधीतरी तो विषाणू प्रजननपेशीत घुसला आणि वारशाने पुढे चालत राहिला. २००८ मध्ये तो उजेडात आला. त्याचं वय लाखो वर्षांत मोजावं लागतं. या कुळातले विषाणू आपल्या दूरच्या नातेवाइकांना फार पूर्वीपासून छळत आले आहेत, एवढं नक्की.

आता मी येतो ते मला सर्वांत आवडणाऱ्या भागाकडे. पेशीच्या आत काय चालतं?

प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्याला प्रतिद्रव्यं आठवतात, पांढऱ्या पेशी आठवतात. त्यांच्याही आधी प्रत्येक पेशीची स्वतःची अशी एक बचावफळी असते. विषाणूला आतल्या आत अडवणारी प्रथिनं. आणि ही प्रथिनं आपल्याला कळली ती बरीचशी एचआयव्हीमुळेच. २००२ मध्ये एपोबेक-३जी सापडलं. विषाणू आपला डीएनए लिहीत असतो तेव्हा हे प्रथिन त्यातली अक्षरं बदलतं, इतकी की मजकूर निरर्थक होतो. यावर विषाणूचा तोडगा म्हणजे व्हिफ नावाचं प्रथिन. ते एपोबेकला पकडतं आणि पेशीच्याच कचरायंत्रणेकडून त्याची विल्हेवाट लावतं.

आता गंमत पाहा. एचआयव्हीचं व्हिफ माणसाच्या एपोबेकला पकडतं, पण आफ्रिकन ग्रीन मंकीच्या एपोबेकला पकडू शकत नाही. त्या माकडाच्या विषाणूचं व्हिफ उलट वागतं. आणि हा सगळा फरक प्रथिनाच्या १२८ क्रमांकाच्या जागेवर आहे. माणसात तिथे एक अमिनो आम्ल, माकडात दुसरं. ते एक अमिनो आम्ल बदललं की पकड सुटते. जातींमधली भिंत एका कडीवर उभी!

२००४ मध्ये ट्रिम-५ अल्फा सापडलं. विषाणू पेशीत शिरला की त्याच्या कवचाला हे प्रथिन वेढून टाकतं आणि पुढचं काम थांबवतं. ऱ्हीससचं ट्रिम-५ एचआयव्हीला जवळजवळ पूर्ण रोखतं, माणसाचं अगदी नावापुरतं. आता तुमच्या लक्षात आलं असेल की ऱ्हीससला एचआयव्ही का होत नाही आणि एसआयव्ही का होतो: त्या भिंतीला प्रत्येक विषाणूसाठी वेगळी खिंडारं असतात. माणसाच्या ट्रिम-५ मध्ये ३३२ क्रमांकाची जागा बदलली, तर प्रयोगशाळेत तेसुद्धा एचआयव्हीला चांगलंच रोखू लागतं. म्हणजे आपणही थोडक्यातच हुकलो. दक्षिण अमेरिकेतल्या घुबडमाकडांनी तर कमाल केली. त्यांच्या जनुकसंचात उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यामुळे सायक्लोफिलिन नावाच्या प्रथिनाचं जनुक ट्रिम-५ च्या जनुकात जाऊन बसलं, आणि तयार झालेलं जोडप्रथिन एचआयव्हीच्या कवचाला घट्ट पकडतं. पुढे काही आशियाई माकडांतही असंच जोडप्रथिन सापडलं, पूर्णपणे स्वतंत्रपणे तयार झालेलं. उत्क्रांती एकच युक्ती दोनदा शोधते तेव्हा तिच्यामागे काहीतरी मोठं कारण असतं, असं मानायला हरकत नाही.

आणि ते कारण वाचता येतं, असं मी म्हटलं होतं. ते असं. जनुकातले काही बदल प्रथिनात काहीच फरक करत नाहीत, काही बदल करतात. सर्वसाधारण जनुकांत दुसऱ्या प्रकारचे बदल फार कमी टिकतात, कारण चालत्या यंत्रात हात घातला की ते बहुधा बिघडतं. एपोबेक-३जी आणि ट्रिम-५ ची जनुकं वेगवेगळ्या माकडांत ताडून पाहिली, तर चित्र उलटं दिसतं. प्रथिन बदलणारे बदल इतके साठलेले आहेत की निसर्गनिवड ते मुद्दाम पुढे ढकलत होती, याखेरीज दुसरा अर्थ लागत नाही. आणि हे बदल कुठेही विखुरलेले नाहीत. विषाणूला जिथे हात लागतो नेमके तिथेच आहेत. शिवाय हा सगळा प्रकार कोट्यवधी वर्षं मागे जातो, म्हणजे एचआयव्हीच्या कितीतरी आधीपासूनचा. तेव्हाचे विषाणू आज उरलेले नाहीत, पण त्यांच्याशी झालेली झुंज मात्र आपल्या प्रथिनांवर उमटलेली आहे.

आता टेदरिन. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माणसाची गोष्ट इथे अडकते.

नवा विषाणू पेशीतून बाहेर पडतो तेव्हा टेदरिन त्याला पेशीच्या पृष्ठभागाला बांधून ठेवतं. २००८ मध्ये त्याचं हे काम कळलं. बहुतेक एसआयव्ही आपल्या नेफ नावाच्या प्रथिनाने टेदरिनला बाजूला करतात. नेफ टेदरिनच्या एका ठरावीक टोकाला पकडतं. माणसाच्या टेदरिनमध्ये त्या टोकातली पाच अमिनो आम्लं गायब आहेत. का, याबद्दल तर्क आहेत, पण त्याचा जुनेपणा पक्का आहे: निअँडरथल आणि डेनिसोव्हा मानवांच्या जनुकांतही ती गायबच आहेत. म्हणजे माणसात शिरणाऱ्या प्रत्येक एसआयव्हीला हा अडसर होता. नेफला पकडायला जागाच नाही.

मग विषाणूंनी काय केलं, हे पाहण्याआधी ते आले कुठून ते पाहू.

चिंपांझीचा एसआयव्ही हा दोन माकडांच्या विषाणूंची सरमिसळ आहे. २००३ मध्ये हे स्पष्ट झालं. एक भाग लाल टोपीच्या मँगाबेचा, दुसरा भाग ग्वेनॉन कुळातल्या माकडांचा. चिंपांझी माकडांची शिकार करून खातात, त्यामुळे दोन्हीकडचं रक्त त्यांच्या अंगात जाण्याची वाट उघड आहे. कधीतरी एकाच चिंपांझीत दोन्ही विषाणू भेटले आणि एक तिसरा जन्माला आला. चिंपांझींच्या चार उपजातींपैकी दोनच उपजातींत तो आहे, मध्य आफ्रिकेतल्या आणि पूर्व आफ्रिकेतल्या. म्हणजे उपजाती वेगळ्या झाल्यानंतर तो आला, चिंपांझींच्या हिशेबाने अलीकडेच. या सरमिसळीत त्याने व्हीपीएक्स हे जनुक गमावलं. मँगाबेच्या विषाणूत ते प्रथिन पेशीतल्या दुसऱ्या एका बचावप्रथिनाला, एसएएमएचडी-१ ला, मोडून काढायचं. बदल्यात व्हिफची घडण अशी बदलली की चिंपांझीच्या, म्हणजे पर्यायाने आपल्याही जवळच्या, एपोबेकवर ते चालू लागलं. माणसाकडे येणारा दरवाजा चिंपांझीतच अर्धा उघडला होता, असं म्हणायला मला काही अडचण वाटत नाही.

बरेच दिवस असं मानलं जायचं की चिंपांझीलाही हा विषाणू सोसतो. टांझानियातल्या गोम्बे अभयारण्यात जेन गुडॉल यांनी १९६० पासून सुरू केलेलं निरीक्षण इथे कामी आलं. तिथल्या प्रत्येक चिंपांझीची जन्म-मृत्यूची नोंद आहे. विष्ठेच्या नमुन्यांवरून लागण ओळखता येते, सुई टोचायची गरज नाही. २००९ मध्ये विषाणूतज्ज्ञ बियाट्रिस हान यांच्या गटाने निष्कर्ष मांडला: लागण झालेल्या चिंपांझींना त्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत मृत्यूचा धोका १० ते १६ पट जास्त. लागण झालेल्या माद्यांना पिल्लं कमी, आणि झालेली जगण्याचं प्रमाणही कमी. एका मृत मादीच्या ऊतींत तर एड्सच्या शेवटच्या टप्प्यासारखी अवस्था दिसली. म्हणजे मँगाबेने ज्या काळातून वाट काढली असावी, तो काळ चिंपांझी आज भोगत आहेत. त्यांचं सीडी-४ प्रथिन पाहिलं तर बदल सुरू झालेला दिसतो. माणसांत ते जवळपास एकसारखं असतं. चिंपांझींत त्याचे नऊ प्रकार सापडले आहेत, आणि त्यातल्या काहींना विषाणू नीट चिकटू शकत नाही.

आता माणूस. विषाणू माणसात एकदा आला, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो किमान १३ वेळा आला. एचआयव्ही-१ चे चार गट आहेत, एम, एन, ओ आणि पी, आणि प्रत्येक गट म्हणजे एक स्वतंत्र उडी. एम आणि एन चिंपांझीकडून, ओ आणि पी गोरिलाकडून, आणि गोरिलाला तो चिंपांझीकडून मिळालेला. एचआयव्ही-२ सूटी मँगाबेकडून, किमान नऊ वेळा. वाट साधी आहे: शिकार केलेल्या प्राण्याचं मांस कापताना, सोलताना लागलेलं रक्त. ‘माकडांनी एड्स दिला’ अशा बातम्या अजूनही दिसतात. दिलं-घेतलं कोणी नाही, सुरी माणसाच्या हातात होती.

या तेरा उड्यांपैकी जगभर पसरली ती एकच: एम गट. पी गट आजवर दोनच माणसांत सापडला आहे. एन गट कॅमेरूनमधल्या मोजक्या लोकांत. एचआयव्ही-२ चे बहुतेक गट एकेका माणसापाशीच थांबले. का?

इथे टेदरिन परत येतं. एम गटाने नेफ सोडून दिलं आणि व्हीपीयू नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला टेदरिन हटवायच्या कामाला लावलं. यातला मजेचा भाग असा की व्हीपीयूचं जनुक ग्वेनॉन माकडांच्या विषाणूकडून आलेलं आहे, आणि तिथे ते हेच काम करायचं. चिंपांझीत आल्यावर ते काम नेफकडे गेलं आणि व्हीपीयू दुसऱ्या उद्योगाला लागलं. माणसात आल्यावर जुनं काम पुन्हा त्याच्या वाट्याला आलं. एन गटाच्या व्हीपीयूला हे अर्धवटच जमलं. एचआयव्ही-२ कडे व्हीपीयू नाहीच, त्याने बाहेरच्या आवरणाचं प्रथिन वापरलं.

पाठ्यपुस्तकी गोष्ट इथे संपते: टेदरिनवर मात केली तो जिंकला. पण मला एक खोडा घालायचा आहे. ओ गटानेही मात केली. त्याचं नेफ टेदरिनच्या उरलेल्या भागाला, गायब तुकड्याच्या शेजारच्या भागाला, पकडायला शिकलं. ओ गट वयानेही एम इतकाच जुना, दोघांचा आरंभ १९२० च्या आसपासचा. आणि १९६० च्या सुमारापर्यंत दोन्ही गट जवळपास सारख्या वेगाने पसरत होते. त्यानंतर एम गट सुटला, ओ गट प्रामुख्याने कॅमेरून आणि आसपासच राहिला. फरक पेशीत शोधून सापडत नाही. फरक किन्शासात आहे. एम गटाचा पूर्वज आग्नेय कॅमेरूनच्या चिंपांझींतला, हे २००६ मध्ये विष्ठेच्या नमुन्यांवरून ठरलं. तिथून तो तेव्हाच्या लिओपोल्डव्हिलला, म्हणजे आजच्या किन्शासाला पोचला. बेल्जियन काँगोचं वाढतं शहर, तिथून खाणींच्या गावांकडे जाणारे लोहमार्ग, रोजगारासाठी आलेले एकटे पुरुष, आणि पुढच्या काळात नीट निर्जंतुक न करता वापरल्या गेलेल्या सुया. १९५९ आणि १९६० मधले दोन नमुने त्या शहरातून मिळाले आहेत. ते दोन्ही एम गटाचेच, पण एकमेकांपासून इतके वेगळे की विषाणू तिथे तोवर काही दशकं फिरत असणार. जनुकांनी परवाना दिला, पण प्रवास रेल्वेने झाला. उत्क्रांतीचे अभ्यासक ही दुसरी बाजू घाईने आटपतात, अशी माझी तक्रार आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे. मँगाबे मरत का नाही?

ते विषाणूला रोखत नाही, हे आधी सांगितलंच. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ऱ्हीसस, मँगाबे, आफ्रिकन ग्रीन मंकी, सगळ्यांचीच प्रतिकार यंत्रणा खवळते. फरक त्यानंतर पडतो. मँगाबेत आणि ग्रीन मंकीत ती काही आठवड्यांत शांत होते, विषाणू रक्तात तसाच असताना. ऱ्हीससमध्ये आणि माणसात ती शांत होतच नाही. धूर निवला तरी घंटा वर्षानुवर्षं वाजत राहावी आणि बंबवाले धावून धावून थकून मरावेत, तसं काहीसं. सततच्या त्या खळबळीत आतड्याचं अस्तर खराब होतं, तिथले जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, खळबळ आणखी वाढते. एड्समध्ये जीव जातो त्यात विषाणूने थेट मारलेल्या पेशींचा वाटा आहेच, पण या न थांबणाऱ्या खळबळीचा वाटा फार मोठा आहे.

दुसरी तजवीज अधिक धूर्त आहे. ग्रीन मंकीच्या सीडी-४ पेशी अनुभवी झाल्या, म्हणजे स्मृतिपेशी बनल्या, की स्वतःवरचं सीडी-४ काढूनच टाकतात. काम पूर्वीसारखं चालू राहतं, पण विषाणूला धरायला जागा उरत नाही. मँगाबेच्या महत्त्वाच्या पेशींवर सीसीआर-५ फार कमी असतं, पिल्लांत तर आणखी कमी, त्यामुळे आईकडून पिल्लाला लागण क्वचितच होते. विषाणूला काही पेशी खायला दिल्या आहेत, ज्यांच्यावाचून अडतं त्या लपवल्या आहेत.

लाल टोपीच्या मँगाबेने याहून टोकाचं केलं. त्या जातीत सीसीआर-५ च्या जनुकात २४ अक्षरं गळालेला प्रकार इतका पसरला की बहुतेक माकडांत तोच आहे, आणि त्याने सीसीआर-५ पृष्ठभागावर येतच नाही. दरवाजाच काढून टाकला! मग विषाणूने सीसीआर-२बी नावाचा दुसरा दरवाजा शोधला. आजही तो त्या माकडांत आहे. एवढी मोठी किंमत मोजून एक डाव जिंकला, तो असा वाया गेला.

आणि आता माझ्याच म्हणण्याला मुरड घालतो. विषाणूने काहीच केलं नाही असं नाही. बहुतेक एसआयव्हींचं नेफ टी पेशींवरचं, म्हणजे सीडी-४ पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींवरचं, सीडी-३ नावाचं इशारा देणारं प्रथिन कमी करतं, त्यामुळे त्या पेशी सहज चेकाळत नाहीत. म्हणजे शांतता राखण्यात विषाणूचाही हात आहे. नेफचं हे काम ज्या शाखेत हरवलं, ती व्हीपीयू असलेली शाखा, आणि चिंपांझीचा विषाणू आणि एचआयव्ही-१ हे त्याच शाखेचे. यावर आणखी काम व्हायला हवं, पण धागा मोलाचा आहे.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत. दोन घेतो.

पहिली: ‘युरोपातल्या काही लोकांना एचआयव्ही होत नाही म्हणतात, ही आपली सहउत्क्रांतीच ना?’ नाही. सीसीआर-५ मधली ३२ अक्षरं गळालेला तो प्रकार हजारो वर्षं जुना आहे, एचआयव्ही माणसात येऊन जेमतेम शंभर वर्षं झाली. तो प्रकार कशामुळे पसरला याबद्दल वाद आहेत, एचआयव्हीमुळे नाही हे निर्विवाद. शंभर वर्षं म्हणजे माणसाच्या चार पिढ्या. विषाणूची एक पिढी साधारण दोन दिवसांची.

दुसरी: ‘मग माणसात तो सौम्य होणार की नाही?’ दोन उदाहरणं देतो. एचएलए-बी ५७ या जनुकप्रकाराच्या माणसांत एचआयव्ही पूर्वी बराच आटोक्यात राहायचा. २०१४ मध्ये बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन इथल्या रुग्णांची तुलना झाली. बोत्स्वानात साथ आधी आली आणि जास्त पसरली. तिथे विषाणूने या जनुकप्रकाराला चुकवायला शिकून घेतलं आहे, त्यामुळे त्याचं संरक्षण जवळपास संपलं. पण त्या चुकवाचुकवीत विषाणूची वाढण्याची क्षमता थोडी घटली. म्हणजे एका अर्थी तो किंचित निवळला, आणि त्याच वेळी ज्यांना नैसर्गिक कवच होतं त्यांचं कवच गेलं. दुसरं उदाहरण नेदरलँड्सचं. २०२२ मध्ये तिथे एक प्रकार आढळल्याचं जाहीर झालं, शंभराहून अधिक लोकांत. रक्तातलं विषाणूचं प्रमाण साडेतीन ते साडेपाच पट, सीडी-४ पेशी घटण्याचा वेग दुप्पट. तो १९९० च्या दशकात उपजला आणि कोणाच्या लक्षात न येता पसरत राहिला. एक विषाणू, एकाच काळात, दोन ठिकाणी दोन दिशांना.

निसर्गनिवडीची वाट पाहायची तर चिंपांझींच्या वाटेनेच जावं लागेल. १९९६ पासून संयुक्त औषधोपचार मिळू लागले आणि ज्यांना ते मिळतात त्यांच्यापुरती ती निवड थांबली. लागण झालेला माणूस पूर्ण आयुष्य जगतो, मुलं होतात, रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला तर लैंगिक संबंधांतून तो पुढेही जात नाही. नेदरलँड्समधला तो जलद प्रकारही औषधांना इतर प्रकारांसारखाच दाद देतो. तिथल्या रुग्णांच्या सीडी-४ पेशी उपचारानंतर इतरांइतक्याच भरून आल्या. त्यांचं नुकसान झालं ते निदान उशिरा झालं तिथे, कारण या प्रकारात वाट पाहायला वेळच कमी मिळतो.